मॉनिटरचा ब्राइटनेस आधी शंभरवरून खाली आणा, ताई

प्रश्न: आमचं सावंतवाडीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं चालतं. सकाळी नऊला मॉनिटर चालू होतो तो रात्री नऊलाच बंद. आठ वर्षांपूर्वी घेतलेला मॉनिटर आता इतका मंद झालाय की दुपारी दार उघडं असलं तर काही दिसत नाही, पांढरं पान पिवळट दिसतं. म्हणून नवीन २२ इंची घेतला, हा तरी जास्त टिकावा असं वाटतं. मिस्टर म्हणतात स्क्रीनसेव्हर लाव. दुकानदार म्हणाला सारखं बंद-चालू करू नका, त्याने स्क्रीन लवकर जाते. मी रोज सकाळी काच पुसायच्या निळ्या स्प्रेने स्क्रीन पुसते, ते बरोबर ना? आणि मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या लॅपटॉपवर झाकण हलवलं की रेघा येतात, तिथला रिपेअरवाला म्हणतो अख्खी स्क्रीन बदलावी लागेल. खरंय का?
– डीटीपीवाली ताई, सावंतवाडी

ताई, बाकी सगळं नंतर, आधी तो निळा स्प्रे मॉनिटरपासून लांब ठेवा. का ते खाली सांगतोच, पण उद्या सकाळी सवयीने हात तिकडे जाईल म्हणून पहिल्यांदा हेच लिहिलं.

आता जुन्या मॉनिटरचं. तो खराब निघाला असं वाटत असेल तर तसं काही नाहीये. हिशोब बघा ना, रोज बारा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० तास होतात, आठ वर्षांचे झाले २८,८००. मॉनिटरच्या आत जो बॅकलाइट असतो त्याचं आयुष्य साधारण ३०,००० तास धरतात, चांगल्या पॅनलला ५०,०००सुद्धा, आणि हे आयुष्य म्हणजे बंद पडेपर्यंतचं नाही हां, उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं. म्हणजे तुमच्या मॉनिटरने ठरल्याप्रमाणे पूर्ण नोकरी केली आणि आता रिटायर व्हायला आलाय, त्यात त्याची काही चूक नाही.

हे नीट कळलं ना की पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून जरा सांगतो. तुमच्या मॉनिटरसारख्या सपाट स्क्रीनला एलसीडी म्हणतात, तिच्यामधला जो लिक्विड क्रिस्टलचा थर असतो तो स्वतः उजेड देत नाही. उजेड मागून येतो, आणि हा थर म्हणजे नुसत्या झडपा, लाखो बारीक झडपा, कुठे किती उजेड बाहेर सोडायचा तेवढंच त्या बघतात. या झडपा सहसा झिजत नाहीत. झिजतो तो मागचा दिवा, म्हणजे आता एलईडी (२०१० च्या आधीच्या बहुतेक मॉनिटरमध्ये बारीक ट्यूब असायच्या, सीसीएफएल म्हणतात त्यांना). त्याशिवाय पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) उष्णतेने सुकतात, पॅनलच्या कडेला ज्या पातळ फितीसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्यांचे जोड ओलीने नाहीतर दाबाने सुटतात, आणि समोरची पोलरायझर नावाची प्लास्टिकची फिल्म उन्हाने आणि चुकीच्या पुसण्याने खराब होते. शंभरातले बहुतेक मॉनिटर यातल्याच कशाने तरी जातात. लिक्विड क्रिस्टल बिचारे शेवटपर्यंत ठणठणीत असतात. (जाता जाता, या लिक्विड क्रिस्टलमध्ये आपल्याकडच्या लोकांचंही मोठं काम आहे. १९७७ साली बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधून काढले, आणि पुढे स्वस्तातल्या स्क्रीन बाजूने बघितल्या तरी नीट दिसाव्यात म्हणून जी फिल्म लावायला लागले तिच्यात असेच चकतीसारखे रेणू वापरले गेले. नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे, हे वेगळे.)

तर मुद्दा असा की आपल्याला स्क्रीन वाचवायची नाहीये, तिच्या मागचा दिवा वाचवायचाय, आणि दिव्याला दोनच गोष्टी मारतात, जास्त करंट आणि उष्णता. म्हणून पहिलं काम, ब्राइटनेस. नवीन मॉनिटर बॉक्समधून निघतो तेव्हा बऱ्याचदा ब्राइटनेस ७५ ते १०० वर लावलेला असतो, कारण शोरूममध्ये शेजारच्या मॉनिटरपेक्षा झकास दिसावा लागतो ना. आपण तोच आयुष्यभर तसाच वापरतो. मी पैज लावून सांगतो तुमचा जुना आठ वर्षं शंभरवरच चालला असणार.

किती ठेवायचा ते आकड्याने सांगता येत नाही कारण प्रत्येक मॉनिटरचा ५० वेगळा असतो. त्यापेक्षा असं करा. दुकानातला नेहमीचा लाइट लावा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी खरा कोरा कागद धरा, तुमच्याकडे काय रिमच्या रिम पडलेले असतील. स्क्रीनवरचं पान दिव्यासारखं चमकत असेल तर कमी करत जा, राखाडी वाटायला लागलं तर थोडं वाढवा, दोन्ही सारखे दिसले की थांबा. बहुतेक जणांचा आकडा ३० ते ५० च्या मध्ये कुठेतरी येतो. पहिले दोन दिवस अंधारल्यासारखं वाटेल, मग सवय होते, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरायचे कमी होतात तो फायदा वेगळाच.

यात तुमच्या धंद्याचाही एक फायदा आहे बरं का. गिऱ्हाईक म्हणतं ना की "स्क्रीनवर मरून रंग किती छान दिसत होता, पत्रिका छापून आली ती काळपट आली," त्यातल्या निम्म्या तक्रारी छापखान्याच्या नसतातच, स्क्रीन गरजेपेक्षा दुप्पट उजळ असते म्हणून डिझाइन तिथे उजळ दिसतं आणि कागदावर दबतं. रंगांचं काम करणारे लोक मॉनिटर मुद्दाम १०० ते १२० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) आसपास ठेवतात, आणि तुमच्यासारख्या साध्या मॉनिटरची कमाल २५० च्या घरात असते. बघा म्हणजे आपण किती जास्त जाळत असतो ते.

फक्त एक करा, ब्राइटनेस मॉनिटरच्याच बटणांनी कमी करा, खाली किंवा मागे बटणं असतात, मेनू उघडतो. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जो ब्राइटनेसचा स्लायडर असतो त्याने काही होत नाही, तो नुसतं चित्र काळं करतो, मागचा दिवा तसाच पेटलेला. (लॅपटॉपचं वेगळं, तिथे कीबोर्डवरच्या सूर्याच्या बटणाने खरोखर दिवाच कमी होतो.) कॉन्ट्रास्ट कमी करूनही दिवा वाचत नाही. आणि डार्क मोड! सगळे सांगतात डार्क मोड लावा स्क्रीन टिकते, ते ओएलईडीवाल्या मोबाइलला लागू आहे, तिथे काळा ठिपका म्हणजे खरंच बंद ठिपका असतो. साध्या एलसीडीवर काळी स्क्रीन म्हणजे झडपा लावलेल्या आणि मागे दिवा पूर्ण चालू. डोळ्याला बरं वाटतं म्हणून डार्क मोड वापरा की, मॉनिटरला त्याचं काही नाही. अजून एक, काही स्वस्त मॉनिटर ब्राइटनेस खूप खाली आणला की दिवा फार वेगाने उघडझाप करून तो परिणाम साधतात आणि काही लोकांचं डोकं त्याने दुखतं, तुमचं दुखायला लागलं तर थोडा वर घ्या, डोकं दुखवून मॉनिटर टिकवायचं काही कारण नाही.

मिस्टरांचा स्क्रीनसेव्हर. त्यांना सांगा हा सल्ला एकेकाळी शंभर टक्के बरोबर होता, पण तो त्या जुन्या डब्यासारख्या मॉनिटरचा, सीआरटीचा. त्यात काचेला आतून फॉस्फरचा लेप असायचा, एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर लेप तिथे जळायचा आणि कायमचा डाग राहायचा, म्हणून ते पाइप आणि मासे फिरवत ठेवायचे. एलसीडीला स्क्रीनसेव्हर लावणं म्हणजे कोणी बघत नसताना दिवा पूर्ण चालू ठेवायचा आणि वर मासे नाचवायचे. त्यापेक्षा स्क्रीन सरळ बंद होऊ द्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग पॉवर, तिथे स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हायची आणि कॉम्प्युटर स्लीपमध्ये कधी जायचा हे दोन वेगवेगळे आकडे असतात, स्क्रीनचा पाच मिनिटं करून टाका, स्लीपचा पाहिजे तेवढा मोठा ठेवा. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि प्रिंट अडकेल, डाउनलोड थांबेल म्हणून काहीच लावत नाहीत. नुसती स्क्रीन बंद झाली तर मागे सगळं चालू राहतं. आणि जेवायला उठताना मॉनिटरचं बटण दाबून जा, एवढं सोपं आहे.

आता लगेच तुम्ही म्हणाल की दुकानदार तर म्हणाला बंद-चालू करू नका. त्याचं म्हणणं कुठून आलं माहितीये का, त्या जुन्या ट्यूबवाल्या बॅकलाइटवरून. ट्यूब प्रत्येक वेळी पेटताना तिची टोकं थोडी थोडी झिजायची, त्यामुळे दर दोन मिनिटांनी बंद-चालू केलं तर खरंच आयुष्य कमी व्हायचं. एलईडीला असं काही नाही. तुमचा नवीन मॉनिटर एलईडीच आहे, आज दुकानात दुसरं काही मिळतच नाही म्हणा. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना, दुपारचं जेवण, चहा, झेरॉक्सची गर्दी असं सगळं धरून दिवसाचे तीन-चार तास सहज स्क्रीन कोणी बघत नसेल. तेवढी बंद राहिली आणि ब्राइटनेस निम्म्यावर आला तर हा मॉनिटर जुन्यापेक्षा बराच जास्त जायला हरकत नाही.

दिवसभर कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) तीच टूलबार त्याच जागी असल्यामुळे एखाद्या दिवशी दुसरं काही उघडल्यावर तिची अंधुक सावली दिसली तर घाबरू नका. एलसीडीवर ही सावली सहसा तात्पुरती असते, रात्रभर मॉनिटर बंद ठेवला की जाते, नाही गेली तर दोन-तीन तास पूर्ण पांढरं पान उघडून ठेवा.

आता पुसायचं. स्क्रीनचा जो भाग आपण काच समजतो तो तुमच्या मॉनिटरमध्ये काच नसतोच, ती प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर चमक मारू नये म्हणून खरखरीत थर दिलेला असतो. काचेच्या स्प्रेमध्ये अमोनिया नाहीतर अल्कोहोल असू शकतं, रोज रोज मारलं की तो थर ठिकठिकाणी उतरतो आणि मग ढगाळ डाग पडतात जे काही केल्या जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे स्प्रे थेट स्क्रीनवर मारला की थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतो, आणि बऱ्याच पॅनलमध्ये नेमके तिथेच सर्किटचे जोड असतात. ओल शिरली की जोड गंजतात आणि उभ्या रेघा येतात. "काहीच केलं नाही, नुसतं पुसलं तर रेघ आली" असं ज्यांच्याकडे होतं ना, ते हे.

रोज पुसायचीच गरज नाही. धूळ दिसली तर मॉनिटर बंद करून, जरा गार होऊ देऊन, मऊ ब्रशने आधी धूळ झटका, मग चष्म्यासोबत मिळतं तसल्या मायक्रोफायबर फडक्याने कोरडंच हलक्या हाताने पुसा. धूळ न झटकता पुसलं तर तीच धूळ चरे पाडते, आपल्याकडची लाल माती तर विचारूच नका. बोटांचे डाग असतील तेव्हाच पाणी, आणि ते फडक्यावर, स्क्रीनवर नाही, फडकं नुसतं दमट. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, गॅरेजवर नाहीतर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, नळाच्या नाहीतर विहिरीच्या पाण्याचे क्षार वाळल्यावर ठिपके ठेवतात. टिश्यू पेपर, वर्तमानपत्र, सॅनिटायझर, यातलं काही नको. आणि दुकानातला देव्हारा मॉनिटरच्या अगदी शेजारी असेल तर जरा लांब सरकवा, उदबत्तीचा धूर हळूहळू त्या फिल्मवर आणि मागच्या भोकांमधून आत बसत जातो, मग ते चिकट निघता निघत नाही.

तुमच्याकडे पावसाळ्याचं मोठं प्रकरण आहे. चार महिने हवा ओली, त्यात मॉनिटर दोन-चार दिवस बंद राहिला की आत ओल धरते. सुट्टी असली तरी दिवसातून तासभर चालू केला तर त्याच्या स्वतःच्या गरमीने कोरडा राहतो. झाकायचा तर सुती कापडाने, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ओल कोंडते. वर-मागची भोकं मात्र चालू असताना कधी झाकू नका, भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा. आतल्या कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा आहे की १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं, त्यामुळे हवा खेळती राहिली की सगळ्यात जास्त फायदा या कॅपॅसिटरना होतो. दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येत असेल तर टेबल फिरवा, तसंही उन्हाशी भांडायला म्हणूनच आपण ब्राइटनेस शंभरवर नेतो.

पावसाळ्यातच रात्री दिव्यावर येणारे ते बारीक किडे कधी कधी स्क्रीनच्या आत शिरतात, थेट चित्रामागे फिरताना दिसतात. कितीही राग आला तरी बोटाने दाबून मारू नका! तो तिथेच चिरडला की काळा ठिपका कायमचा. मॉनिटर बंद करा, खोली अंधारी करा, बाजूला दुसरा दिवा लावून ठेवा, बऱ्याचदा तो स्वतःच उजेडाकडे बाहेर येतो.

वीज. मॉनिटरचा सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं म्हणून त्याला फारसं काही होत नाही, स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. मारतो तो वरचा झटका, लाइट गेली आणि परत आली तो क्षण, वळवाच्या पावसातली वीज, नाहीतर कुठे वादळात न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात आणि मग टीव्ही, फ्रिज, मॉनिटर सगळं एकदम जातं. लाइट गेली की बोर्डावरचं बटण बंद करा आणि परत आल्यावर दोन-चार मिनिटांनी चालू करा. ढग गडगडायला लागले की प्लग काढूनच ठेवा, नुसतं बटण बंद करून विजेपुढे भागत नाही. दुकानाचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, ते नसेल तर महागातला स्पाइक गार्डही (विजेचा झटका अडवणारा बोर्ड) अर्धवटच काम करतो. आणि बाजारात स्पाइक गार्ड म्हणून विकतात त्यातले बरेचसे नुसते एक्स्टेन्शन बोर्ड असतात, ते बघून घ्या.

आता मुलाचा लॅपटॉप. झाकण हलवलं की रेघा येतात आणि एका ठरावीक कोनात जातात असं असेल तर दाट शक्यता स्क्रीनची नाहीये, बिजागरीतून जी केबल जाते तिची आहे. झाकण उघडझाप करून ती चेपते नाहीतर तिचा कनेक्टर ढिला होतो. केबल पॅनलच्या मानाने बरीच स्वस्त असते. त्याला सांगा, आधी एचडीएमआयने लॅपटॉप रूमवरच्या टीव्हीला नाहीतर मित्राच्या मॉनिटरला जोडून बघ. तिथेही रेघा आल्या तर ग्राफिक्सचा घोळ, तिथे चित्र स्वच्छ असेल तर केबल किंवा पॅनल, आणि झाकणाच्या हलण्याशी संबंध असेल तर आधी केबल बदलून बघायला सांग. रिपेअरवाला म्हणाला केबल नकोच, डायरेक्ट स्क्रीनच, तर दुसरीकडे दाखव. बिजागरी कडक झाली असेल तर तीही त्याच वेळी सैल करून घ्यायची, नाहीतर नवी केबलही तशीच जाईल, शिवाय एक दिवस झाकणाचं प्लास्टिकच फाटेल.

त्याला सवयीही सांगा, ऐकेल न ऐकेल. झाकण वरच्या मध्यावर धरून उघडायचं, एका कोपऱ्याला धरून नाही. कीबोर्डवर इअरफोन नाहीतर पेन ठेवून झाकण मिटायचं नाही, त्यानेच सगळ्यात जास्त स्क्रीन फुटतात. कॅमेऱ्यावर चिकटवायची ती सरकती पट्टीसुद्धा नको, ॲपलने २०२० मध्ये आपल्या लॅपटॉपवाल्यांना ती लावून झाकण मिटू नका असं स्पष्ट सांगितलं होतं, कारण झाकण आणि कीबोर्डमध्ये तेवढी जागाच नसते. बॅगेत चार्जर आणि डबा झाकणाच्या बाजूला दाबून भरला की स्क्रीनवर पांढरे डाग येतात, ते जात नाहीत. आणि पुण्याहून येताना बॅग गाडीच्या डिकीत टाकायची नाही, मांडीवर नाहीतर पायाशी.

राहिला जुना मॉनिटर. तो भंगारात द्यायच्या आधी एक बघा. पूर्ण अंधार करून चालू करा, मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. ब्राइटनेस वाढवूनही उजेड येत नसेल पण टॉर्चच्या उजेडात चित्र अंधुक का होईना दिसत असेल, तर झडपा शाबूत आहेत, एलईडीची पट्टी बदलून तो परत चालू शकतो, सावंतवाडीत नाही तर कोल्हापूरला टीव्ही रिपेअरवाले करतात हे काम, खर्च आधी विचारून घ्या. अजून मंद का होईना उजेड देत असेल तर तसाच दुसरा मॉनिटर म्हणून बाजूला लावा, पॅलेट आणि फोल्डर तिकडे उघडे ठेवा, रंगाचं काम नव्यावर. कोणाकडे त्याहून जुना ट्यूबवाला असेल तर तो मात्र फोडू नका, त्या ट्यूबमध्ये पारा असतो, तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा.

टॉर्च मारून काय दिसतं ते कळवा, आणि मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पण लिहा, म्हणजे पट्टी बदलणं परवडेल की नाही ते सांगता येईल.